दऱ्याखोऱ्यांची अक्षरं

एखाद्या मराठी फॉन्टची परीक्षा घ्यायची असेल तर कठीण शब्द शोधत बसायची गरज नाही. भोर आणि वेल्हे तालुक्यांचा नकाशा उघडावा. रायरेश्वरात श्व आहे, विचित्रगडात त्र आहे, राजगडाच्या पद्मावती माचीत द्म आहे. मार्गासनी आणि कोर्ले या गावांच्या डोक्यावर रफार. ‘सह्याद्री’ या एका शब्दात ह्या आणि द्री शेजारीशेजारी. गावाच्या नावापुढे ‘खुर्द’ लागलं की रफार आलाच, आणि ‘बुद्रुक’ लागलं की द, र आणि उकार अशा तिघांना एका अक्षराच्या जागेत बसवायची कसरत आली. आणि हा सगळा मुलूख ज्यांनी बनला आहे त्या दऱ्या! दऱ्याखोऱ्यांमधला तो चंद्रकोरीसारखा आडवा र फॉन्ट बनवणाऱ्यांना वर्षानुवर्षं छळत आला आहे.

फोनच्या पडद्यावर हे सगळं आज इतकं बिनबोभाट उमटतं की त्यात काही घडतंय याचा पत्ताच लागत नाही. घडतं मात्र पुष्कळ. फोनच्या स्मृतीत ‘किल्ला’ नावाचं चित्र नसतं, सहा आकडे असतात: क, वेलांटी, ल, पाय मोडल्याची खूण, पुन्हा ल, काना. वेलांटी क नंतर साठवलेली, पण काढायची कच्या आधी. मधला ल अर्धा करायचा, पुढच्याला जोडायचा. ‘मार्गासनी’त तर गंमत आणखी आहे. र साठवला जातो गच्या आधी, पण तो रफार होऊन जाऊन बसतो गच्याही पुढच्या कान्यावर. म्हणजे उच्चाराच्या क्रमाने ठेवलेले आकडे प्रत्येक वेळी लिहिण्याच्या क्रमात लावून, जोडून, वरखाली सरकवून दाखवावे लागतात. एक संदेश वाचताना ही उलथापालथ शेकडो वेळा होते.

आणि हे काम संदेश पाठवणारं ॲप करत नाही. ॲप लिहिणाऱ्याला रफार म्हणजे काय हे ठाऊकही नसतं. तो आकड्यांची ओळ एका लायब्ररीच्या हवाली करतो. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला, कुणालाही वापरता येईल असा कोड. अँड्रॉइड फोनमध्ये, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, लिबरऑफिसमध्ये अक्षरांची ही मांडणी करणाऱ्या लायब्ररीचं नाव आहे हार्फबझ. मांडून झालेल्या आकृती पडद्यावर प्रत्यक्ष रंगवण्याचं काम बरीच वर्षं फ्रीटाइप नावाची दुसरी लायब्ररी करत आली, तिची सुरुवात 1996 सालची. दोन्ही ओपन सोर्स. दोन्ही फुकट. आणि दोन्हींना लागतो तिसरा भिडू, म्हणजे फॉन्ट, कारण कुठलं जोडाक्षर कसं दिसावं हे त्याच्याच पोटात लिहिलेलं असतं. असा एक फॉन्टसंच पुण्याशी जोडलेला आहे, आणि त्याची कथा सांगण्यासारखी आहे.

आधी थोडं मागे. संगणकावर मराठी आली तेव्हा प्रत्येक कंपनीचा फॉन्ट आणि त्याची मांडणी स्वतंत्र होती. इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर मराठी आकार चढवलेले असत. तुमच्याकडे तो फॉन्ट नसेल तर भोरच्या बाजारभावाची बातमी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा होऊन समोर यायची. छापखान्याला हे चालून जायचं, कारण कागदावर शाई उमटली की काम झालं. शोधायला, एकीकडून दुसरीकडे न्यायला, साठवून ठेवायला हा मजकूर निरुपयोगी. सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना सामाईक आकडे देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाची पहिली आवृत्ती 1991 मध्ये आली आणि तिने देवनागरीला स्वतःचे 128 आकड्यांचे घर दिले. घराचा नकाशा तिने भारतीय इस्की प्रमाणाच्या 1988च्या आवृत्तीवरून घेतला होता. पण आकडे ठरले म्हणजे अक्षरं दिसू लागली असं नाही. युनिकोड जाणणारे फॉन्ट हवेत, आणि ते सगळ्यांना परवडणारे हवेत.

2004 मध्ये लिनक्सच्या दुनियेतल्या रेड हॅट या कंपनीने भारतीय भाषांसाठी ‘लोहित’ नावाचा फॉन्टसंच खुला केला. मूळ फॉन्ट पुरवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने. ही तीच कंपनी, जिच्या ‘श्रीलिपी’वर महाराष्ट्रातली कितीतरी छपाई चालायची. बंदिस्त मांडणीच्या काळातल्या मातब्बर घराकडून खुल्या काळातला पहिल्या फळीचा संच यावा, हे मला फार आवडतं. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, असमिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, ओडिया, पंजाबी असा त्याचा पसारा. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या एका अख्ख्या पिढीने डोळे मिटून भरवसा ठेवला तो लोहितवर. 2011 मध्ये त्याचा परवानाही बदलला. आधीचा जीपीएल परवाना मुळात प्रोग्रॅमसाठी रचलेला होता. फॉन्ट एखाद्या दस्तऐवजात अंतर्भूत केला तर त्या दस्तऐवजालाही अट लागू होते का, असे किचकट प्रश्न त्यातून निघत. मग लोहित खास फॉन्टसाठी बनवलेल्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली आला.

परवाना बदलणं सोपं होतं. आतली यंत्रणा जुनी झाली होती, ती खरी डोकेदुखी.

फॉन्टच्या आत जोडाक्षरांचे नियम लिहायची एक प्रमाण पद्धत आहे, ओपनटाइप. ती मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी 1996 मध्ये जाहीर केली. देवनागरीसाठी त्यात आधी एक नियमावली होती, तिची खूण ‘देव’. पुढे अनुभवातून तिच्यातले घोळ लक्षात आले आणि दुसरी आली, तिची खूण ‘देव२’. फरक वरवर क्षुल्लक वाटतो. ‘बुद्रुक’मधला द्रु घ्या. स्मृतीत क्रम असा: द, पाय मोडल्याची खूण, र, उकार. जुन्या नियमावलीत मांडणी करणारा प्रोग्रॅम ती पायमोडीची खूण उचलून रच्या पुढे नेऊन ठेवी आणि मग फॉन्टला विचारी, की बाबा, ‘र आणि पायमोडी’ यांचं काय करू? नव्या नियमावलीत खूण जागची हलत नाही, फॉन्टला विचारलं जातं ‘पायमोडी आणि र’ याबद्दल. एवढंच. पण जुन्या फॉन्टमधला नियम उलट्या क्रमाचा असल्याने नव्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही, आणि नव्या फॉन्टकडे जुन्या प्रश्नाला नाही. शिवाय जगातले सगळे संगणक एका रात्रीत बदलत नाहीत. कुठल्याशा कचेरीतला जुना संगणक पहिला प्रश्न विचारत राहणार, नवा फोन दुसरा. फॉन्टने दोघांनाही एकच ‘बुद्रुक’ दाखवायचा.

हे काम हाती घेतलं पुण्यातल्या रेड हॅटमध्ये असलेल्या प्रवीण सातपुते यांनी, ‘लोहित २’ या नावाने. आकार बहुतांशी तेच ठेवायचे आणि नियम मुळापासून नव्याने लिहायचे, असा बेत. वर्षानुवर्षांच्या डागडुजीने नियमांवर नियम चढले होते. कुठला कशासाठी आहे आणि कुठला काढला तर काय मोडेल, हे सांगणं अवघड झालं होतं. जुन्या कोडवर काम केलेल्या कुणालाही ही भीती ठाऊक असते. ते सगळं बाजूला ठेवून ‘देव’ आणि ‘देव२’ दोन्हींसाठी नियम पुन्हा मांडले गेले, आणि हार्फबझवर तसंच मायक्रोसॉफ्टच्या मांडणी-यंत्रणेवर तपासले गेले.

त्यातल्या दोन गोष्टींवर थांबतो, कारण त्यांत खरी दूरदृष्टी आहे. पहिली नावांची. फॉन्टमधल्या प्रत्येक आकृतीला आतून एक नाव असतं. फॉन्ट करणारा ते मनाला येईल तसं देतो, वाचणाऱ्याला दिसत नाही, म्हणून कुणी फिकीर करत नाही. पण मराठी पीडीएफमधून एखादा उतारा उचलून दुसरीकडे चिकटवला की जे भलतंच काही उमटतं, त्यामागचं एक कारण हेच. पीडीएफमध्ये उरतात आकृती, आणि त्या आकृतीवरून मूळ अक्षरं ओळखायला तिच्या नावाचा आधार होऊ शकतो. लोहित २ मध्ये ही नावं अडोबीच्या प्रमाण यादीच्या पद्धतीने दिली गेली. द्म या आकृतीच्या नावातच तिचे मूळ आकडे सांगितलेले, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅमला तिचे तुकडे परत मिळवता यावेत. दिसण्यात कवडीचा फरक नाही, आणि तरीही केवढा उपयोग! दुसरी गोष्ट म्हणजे नियमांची फाइल आकारांपासून वेगळी काढली. ती साधा मजकूर म्हणून वाचता येते, सुधारता येते, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या कुणाला वेगळ्या वळणाचा मराठी फॉन्ट करायचा असेल तर नियम जसेच्या तसे उचलता येतात. नवशिक्या अक्षरकाराने सुंदर ‘क्ष’ काढावा, रफाराचं गणित पुन्हा सोडवत बसू नये.

फॉन्ट सुधारला तरी तो वाचणारी लायब्ररीही सुधारायला हवी. तिथली कथा तेहरान, टोरोंटो करत जगभर फिरते. पूर्वी प्रोग्रॅम ज्यांवर विसंबत त्या प्रत्येक मोठ्या लायब्ररीकडे मांडणीचा आपापला कोड होता: पँगोचा वेगळा, क्यूटीचा वेगळा, आयसीयूचा वेगळा. त्यामुळे एकच मजकूर एका खिडकीत नीट आणि शेजारच्या खिडकीत मोडका दिसे. बेहदाद एस्फाहबोद या मूळच्या इराणी प्रोग्रॅमरने, आधी रेड हॅटमध्ये आणि मग गूगलमध्ये असताना, हार्फबझ नव्याने लिहून हे सगळं एका ठिकाणी आणलं. मराठी बोलत नसलेला माणूस मराठीचा रफार कसा तपासणार? त्याने विकिपीडियावरून शब्द गोळा केले. देवनागरीचे 7 लाखांहून अधिक शब्द. प्रत्येक शब्द मायक्रोसॉफ्टची यंत्रणा कसा मांडते आणि हार्फबझ कसा मांडते, हे यंत्राकडूनच ताडून पाहिलं. एका टप्प्यावर त्यातले शंभरहून कमी शब्द जुळेनासे राहिले, आणि त्यांतही काही ठिकाणी चूक समोरच्याची होती. तुलना करता यावी म्हणून त्याने हार्फबझमध्ये एक कळही ठेवली: ती दाबली की हार्फबझ मायक्रोसॉफ्टच्या चुकाही मुद्दाम करून दाखवतो. जुन्याशी जुळवून घेणं हे काम किती सोशीकपणाने करावं लागतं, याचा याहून बोलका नमुना माझ्या पाहण्यात नाही.

आणि खुद्द ही लायब्ररी ज्या भाषेत लिहिली आहे ती भाषाही बदलत असते. हार्फबझ आतून सी++ मध्ये आहे. या भाषेचं प्रमाण आंतरराष्ट्रीय समिती ठरवते: पहिलं 1998चं, मोठा पालट 2011चा, पुढे दर तीन वर्षांनी नवं. नव्या प्रमाणात तीच गोष्ट कमी ओळींत आणि कमी धोक्यात लिहिता येते, म्हणून मोह होतो. पण लायब्ररी चालवायची असते जुन्या यंत्रांवरही, आणि कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या तिथल्या कंपायलरला नवी भाषा समजत नाही. हार्फबझने बराच काळ जुन्या भाषेत भागवलं, मग 2011चं प्रमाण किमान अट म्हणून स्वीकारलं, आणि त्यापुढे उड्या मारायची घाई केली नाही. बाहेरून तिला हाक मारण्याची पद्धत मात्र साध्या सी भाषेतली, आणि ती बदलायची नाही असा दंडक. आतल्या हजारो ओळी पालटल्या तरी जुना प्रोग्रॅम जुन्याच नावाने हाक मारतो आणि ओ मिळते. यावरून मला भोर-वेल्ह्याचाच मुलूख आठवतो. मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, तोरण्याला प्रचंडगड म्हटलं गेलं, रोहिड्याला विचित्रगड, आणि आता वेल्हे तालुकाही सरकारदरबारी राजगड तालुका झाला आहे. म्हणून जुन्या सातबाऱ्यावरचं ‘तालुका वेल्हे’ रद्द होत नाही. लायब्ररीतही जुनं नाव ‘आता हे वापरू नका’ अशा शेऱ्यासह वर्षानुवर्षं चालू ठेवतात.

युनिकोडचा दंडक याहून कडक आहे. एकदा दिलेला आकडा परत घ्यायचा नाही, हलवायचा नाही, त्याचं अधिकृत नावसुद्धा बदलायचं नाही, मग ते चुकीचं का असेना. आता ‘दऱ्या’कडे वळू. तो आडवा र लिहायचा कसा? एक वाट अशी: ऱ हे वेगळं अक्षर, पायमोडी, मग य. हा ऱ युनिकोडमध्ये आहे तो प्रामुख्याने द्राविडी भाषांमधला एक र देवनागरीत लिहायला, आणि इस्कीच्या परंपरेनुसार त्याचं अर्धं रूप म्हणजे मराठीतली ही चंद्रकोर. दुसरी वाट: साधा र, पायमोडी, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत ही वाट होती, म्हणून नंतर पहिली वाट ठरल्यावरही ‘जुन्या मजकुरासाठी’ ती मान्य राहिली. दिसायला दोन्ही ‘दऱ्या’ अगदी सारख्या. पण आकड्यांत एक पाच घरांची, दुसरी सहा. युनिकोडचे समानतेचे नियमही या दोघींना एक मानत नाहीत. म्हणून ‘खोऱ्यातील’ असा शोध घेतला आणि समोर दिसणारा शब्दच सापडला नाही, असं घडू शकतं. चांगली शोधयंत्रं दोन्ही रूपं आतल्या आत एक करून घेतात, पण ते कुणाला तरी आठवणीने लिहावं लागतं.

‘ॲ’चीही तीच तऱ्हा. मराठीला हवा तसा अर्धचंद्र असलेला अ युनिकोडमध्ये आला 2008 साली, 5.1 या आवृत्तीत. तोवर लोकांनी अ, अदृश्य जोडचिन्ह आणि अर्धचंद्र अशी जुळणी केली होती, तर काहींनी हिंदी धाटणीचा ऍ वापरला होता. आज एकाच ‘ॲप’चे तीन अवतार मराठी मजकुरात नांदतात, आणि प्रत्येक फॉन्टला तिन्ही नीट दाखवावे लागतात.

भोरचं नाव घेतलं की पंतसचिवांचं संस्थान आठवतं, आणि संस्थानी कारभार म्हटलं की मोडी. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली 2014 मध्ये, सातव्या आवृत्तीत. तिच्या वाट्याला निदान जुन्या-नव्या नियमावल्यांची ओढाताण कमी आली. मायक्रोसॉफ्टने 2015च्या सुमारास अनेक लिप्यांना एकच यंत्रणा पुरेल अशी नवी रचना मांडली आणि हार्फबझनेही ती उचलली. त्यात अक्षराचा स्वभाव, म्हणजे ते व्यंजन की मात्रा, डावीकडे बसतं की उजवीकडे, हा युनिकोडच्या कोष्टकांतूनच वाचला जातो. मोडीसाठी स्वतंत्र यंत्रणा कुणालाच लिहावी लागली नाही.

शेवटी एक कोडं राहतं, आणि ते तर पूर्णपणे आपलं आहे. मराठी ल आणि हिंदी ल वेगळे दिसतात, मराठी श आणि हिंदी श सुद्धा. 2009च्या शासन निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे म्हणून ठरवले. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही भाषांना एकच ल, एकच आकडा. पूर्वी याला उपाय म्हणून लोहित मराठी आणि लोहित हिंदी असे वेगळे फॉन्टच होते. एक सुधारणा झाली की ती प्रत्येकात वेगळी करायची, आणि कुठेतरी विसरायची. दुसरा उपाय म्हणजे देवनागरीच्या सगळ्या भाषा एकाच फॉन्टमध्ये एकत्र आणणं. मजकूर कुठल्या भाषेतला आहे हे प्रोग्रॅमने सांगायचं आणि त्यानुसार फॉन्टने आकार निवडायचा, ही सोय ओपनटाइपमध्ये आहेच. अडचण एवढीच की बहुतेक जण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी ठरवून देतच नाहीत, आणि मग वेल्ह्याच्या पाटीवर हिंदी ल येतो. त्यात फॉन्टचा दोष नसतो.

हे पडताळून पाहायचं असेल तर लिबरऑफिस उघडा, नोटो सान्स देवनागरी हा फुकट मिळणारा फॉन्ट निवडा, मोठ्या आकारात ‘शिवकालीन किल्ला’ लिहा, आणि त्या ओळीची भाषा आधी हिंदी, मग मराठी करा. एकही अक्षर न खोडता श आणि ल आपला आकार बदलतील.